सहा चौकोनांचं कार्ड

सल्लागारांचा अहवाल म्हटला की कपाटातली धूळच आठवते. तैवानमध्ये तसं झालं नाही. तिथल्या सरकारने आरोग्यविम्याची योजना आखायला हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम शिआओ यांना बोलावलं. गडी मूळचा विमागणिती! त्यांनी आधी इतर देशांच्या योजना पाहिल्या, त्यांत काय फसलं तेही तपासलं. मग १ मार्च १९९५ला कामगार, शेतकरी, सरकारी नोकर सगळ्यांचा आरोग्यविमा एकाच राष्ट्रीय योजनेत आला. सुरुवातीला हातात कागदी कार्ड असे, सहा चौकोनांचं. दवाखान्यात गेलं की एक शिक्का. सहा भरले की नवं कार्ड. २००४पासून चिपचं कार्ड आलं. हप्ता वाढवणं मात्र तिथेही सोपं नाही. २०१०मध्ये त्यावरून आरोग्यमंत्र्यांनी थेट राजीनामाच पुढे केला होता.