सोसायटी की अपार्टमेंट?

नोकरीच्या निमित्तानं नांदेडहून, जळगावहून पुण्यात आलेलं कुटुंब दोन-तीन वर्षं भाड्यानं राहतं आणि मग फ्लॅट बघायला निघतं. कार्पेट किती, पाणी किती वेळ येतं, शाळा किती लांब, हे सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो, आणि माझ्या मते तो भावाच्याही आधी विचारायला हवा: ही इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? पाटीवर जाऊ नका. पाटीवर ‘अपार्टमेंट’ असलेली इमारत कायद्यानं सोसायटी असू शकते, आणि रहिवासी जिला ‘आमची सोसायटी’ म्हणतात ती अपार्टमेंटधारकांची असोसिएशन निघते. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वतांनी सोसायटी स्थापन केली, तेव्हापासून तिथं सोसायटीचीच रीत जास्त. पुण्यात दोन्ही प्रकार एकाच गल्लीत भेटतात, म्हणून नवख्याची गफलत इथं अधिक.

सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते. जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची. तुमच्याकडे पन्नास-पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा शेअर आणि त्यांच्या जोरावर फ्लॅटचा हक्क. अपार्टमेंटला 1970 चा वेगळा कायदा आहे. तिथं डीड ऑफ अपार्टमेंट करून फ्लॅट थेट तुमच्या नावावर होतो आणि जमिनीत, जिन्यात, गच्चीत तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत ठरतो. खरी गोम या टक्क्यांत आहे. समजा, वीस फ्लॅटची इमारत आहे: साडेचारशे फुटांचे बारा आणि बाराशे फुटांचे आठ. क्षेत्रफळाप्रमाणे हिशेब केला तर लहान फ्लॅटचा हिस्सा तीन टक्के, मोठ्याचा आठ. अपार्टमेंटमध्ये मत या हिश्शावर मोजतात, म्हणजे आठ मोठ्या फ्लॅटवाल्यांकडे 64 टक्के मतं आणि बारा लहानांकडे 36. सोसायटीत एका सभासदाला एक मत, तिथं हाच सामना बारा विरुद्ध आठ होतो. आता खर्च बघा. वॉचमन, सफाई, लिफ्ट मिळून महिना साठ हजार येत असतील, तर सोसायटीत प्रत्येकाला तीन हजार. लिफ्टचा वाटा तर तळमजल्यावरच्या, कधीही लिफ्टमध्ये पाय न ठेवणाऱ्या सभासदालाही पडतो. अपार्टमेंटमध्ये लहान फ्लॅटला अठराशे, मोठ्याला अठ्ठेचाळीसशे. सोसायटीचं सगळंच बिल असं समान नसतं, हेही सांगायला हवं. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या प्रमाणात आकारतात. तरी या हिशेबात लहान फ्लॅटवाला सोसायटीत महिन्याला बाराशे रुपये जास्त मोजतो, आणि त्या बदल्यात त्याचं मत मोठ्या फ्लॅटच्या मताइतकंच वजनदार ठरतं. शहरात नव्यानं येणारा माणूस बहुधा लहानच फ्लॅट घेतो. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा का, टँकर कुणाचा लावायचा, हे ठरवताना त्याच्या मागं ना ओळखी असतात ना जुना शेजार. असतं ते एवढं मत. मला हा सौदा महाग वाटत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप जमिनीचा. सोसायटी कागदावर मालक, पण अनेक ठिकाणी बिल्डरनं जमिनीचं कन्व्हेअन्स करूनच दिलेलं नसतं. आक्षेप रास्त आहे. 1963 च्या मोफा कायद्यानं बिल्डरवर ते बंधन घातलं, तरी ते इतक्या ठिकाणी धाब्यावर बसवलं गेलं की 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे आपण ज्याला डीम्ड कन्व्हेअन्स म्हणतो त्याची, तरतूद करावी लागली. म्हणून सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मागा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते स्वतः वाचा. अजून बिल्डरचंच असेल, तर भाव ठरवताना ते बोलून दाखवा. पण अपार्टमेंटमध्येही हा धोका टळतोच असं नाही. बिल्डरनं इमारत 1970 च्या कायद्याखाली आणणारं डिक्लेरेशन नोंदवलं आणि एकेका फ्लॅटचं डीड झालंच नाही, तर घर आणि हिस्सा नावावर व्हायचे राहिलेलेच असतात.

दुसरी तक्रार कमिटीच्या जाचाची, आणि तिच्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? मात्र कमिटीचे हात बऱ्यापैकी बांधलेले आहेत. हस्तांतरणाचं प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, आणि फ्लॅट भाड्यानं दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. सभासदत्व नाकारायचं तर कारणं द्यावी लागतात. न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये मंडळ कारण न सांगताही खरेदीदाराला परत पाठवू शकतं. अर्थात मोठा फ्लॅट घेऊन तो भाड्यानं द्यायचा आणि स्वतः बदलीच्या गावी राहायचं, असा बेत असेल तर अपार्टमेंटच सोयीचं, हे मी मान्य करतो.

राहिला शेवटचा मुद्दा: हे सारं बिल्डर ठरवतो, आपल्या हातात काय? नव्या प्रकल्पाच्या करारनाम्याचा मसुदा महारेराच्या संकेतस्थळावर असतो, आणि सोसायटी होणार की अपार्टमेंट, हे त्यातल्या एका कलमात लिहिलेलं असतं. टोकन देण्यापूर्वी तेवढं कलम शोधून वाचा. जुना फ्लॅट सोसायटीत असेल तर मूळ शेअर सर्टिफिकेट मागा, झेरॉक्स नको. ते उलटं करा. मागच्या बाजूला हस्तांतरणाचे रकाने असतात: तारीख, नव्या सभासदाचं नाव, अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सह्या. विकणारा पहिलाच सभासद असेल तर त्याचं नाव पुढच्या बाजूला सापडेल. नसेल, तर मागच्या शेवटच्या नोंदीत ते असायलाच हवं.