घरगुती धातुकामासाठी लहान सी. एन. सी. यंत्राची निवड

(मळवली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत वधुवर-परिचय आणि सहभोजन यांच्या मधोमध मिलिंग यंत्रावरील व्याख्यान पाहून कित्येकांस नवल वाटले असेल. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलाने किंवा मुलीने हा विषय माझ्याजवळ काढला आणि वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "हे यंत्र घेऊन द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणते?" नोकरदाराच्या घरी एवढी रक्कम मुदतठेव मोडूनच उभी राहते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत दिलेले बरे.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते; मिलिंग यंत्रावर कटर फिरतो आणि जॉब टेबलासह सरकतो. हे सरकविणे पूर्वी हातचाकांनी होत असे. ती चाके मोटारींनी, आकड्यांच्या हुकमाप्रमाणे फिरविणे म्हणजेच सी. एन. सी. आकड्यांवर चालणारे असे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेने १९५२ साली लोकांस दाखविले, तेव्हा त्याची नियंत्रक विद्युतयंत्रणा कपाटाएवढी होती. आज तेच काम तळहाताएवढी पट्टी करते, आणि ग्रबल किंवा लिनक्स-सी. एन. सी. यांसारख्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. सांगावयाचे ते हे की, यंत्राचा मेंदू आता स्वस्त झाला आहे. महाग राहिले आहे ते त्याचे हाड.

आणि हौस म्हणजे पोरखेळ, असेही कोणी समजू नये. पुण्यातील भाऊ जोशी यांनी निव्वळ छंदापायी जमविलेली लघुरेल्वे १९९८ पासून संग्रहालयाच्या रूपाने लोकांस पाहावयास मिळते. आपल्याकडील एखाद्या मुलीस येथून घाटाकडे जाणाऱ्या इंजिनाची लहान प्रतिकृती स्वतःच्या हाताने करावीशी वाटली, तर तिला नाही म्हणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आता मुख्य विषय. जाहिरातीत दोन आकडे ठळक छापतात: टेबलाचा आकार आणि स्पिंडलचे फेरे. हे दोन्ही आकडे फसवे आहेत. तीस गुणिले अठरा सेंटिमीटरांच्या टेबलाचे, 'तीन-शून्य-एक-आठ' म्हणून ओळखले जाणारे यंत्र पंधरा-वीस हजारांत घरपोच येते. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा असतो. लाकूड, प्लास्टिक, पितळेवर नाव कोरणे, एवढ्यासाठी ते चांगले. पोलादाचे नाव काढू नये. दहा हजार फेरे म्हणून जे मिरवितात, त्याचा हिशेब करून पाहा. साध्या पोलादावर हायस्पीड स्टीलच्या कटरची धार मिनिटास सुमारे २५ मीटर या वेगाने जावयास हवी. ६ मिलिमीटर व्यासाच्या कटरला त्यासाठी सुमारे १,३०० फेरे पुरतात. दहा हजार फेऱ्यांवर तोच कटर पोलादास टेकविला, तर धार तत्काळ जळेल. कमी फेऱ्यांवर जोर टिकविणारी मोटार हवी, आणि तो जोर सोसणारे बीड हवे.

जो पत्र्याच्या खुर्चीवर बसून पाटा-वरवंटा चालवील, त्याला मी काय म्हणतो ते लगेच समजेल. कटर धातूत शिरतो तेव्हा जेवढा रेटा जॉबवर, तेवढाच उलट यंत्रावर. हलके यंत्र थरथरते, मग कटर घासतो, तापतो आणि मोडतो. येथेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: कटर पकडीबाहेर दुप्पट लांब काढला, तर तेवढ्याच जोराखाली तो आठपट वाकतो. त्यामुळे चांगल्या यंत्रावरही कटर आखूडच धरावा.

हौशी लोकांत शांघायच्या सीग कंपनीची बिडाची यंत्रे पुष्कळ रूढ आहेत. एक्स-२ हे साठ किलोंच्या आतबाहेर, तर एक्स-३ दीडशेच्या पुढे. पहिले दोघांनी उचलून जिन्यावरून नेता येते; दुसऱ्यासाठी तळमजल्याची पक्की फरशी आणि चार दणकट माणसे हवीत. ज्याचे काम घड्याळजीच्या मापाचे आहे, त्याला अमेरिकेचे शेरलाईन हलके असूनही पुरते. जकात मात्र मोजून ठेवावी. इंजिनाच्या प्रतिकृती, औजारांचे सुटे भाग, घरच्या लेथची जोडसाधने यांसाठी माझे मत एक्स-२ च्या वजनाच्या वरच पडते. टेबल लहान असले तरी चालेल, पण खांब जाड हवा. जुन्या बाजारात एच. एम. टी. ची अप्रतिम यंत्रे मिळतात. परंतु ती टनांत मोजावयाची आणि बहुधा तीन फेजवर चालणारी, तेव्हा घरासाठी त्यांचा मोह आवरावा.

माझी दुसरी सूचना तरुणांस रुचणार नाही. हातचाकांचे यंत्र घ्यावे आणि मोटारी वर्षभराने बसवाव्यात. कटर कण्हू लागला की हाताला ते आधी कळते. संगणकाला ते कळत नाही, तो सांगितलेला मार्ग पुरा करतो. येथून चालत जाता येण्याजोग्या भाजे लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे छिन्नीकाम आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथेही उडालेला टवका परत बसविता येत नव्हता.

विकत घेण्यापूर्वी खिशात डायल इंडिकेटर ठेवून जावे. तो टेबलावर उभा करून त्याचे टोक स्पिंडलला लावावे आणि यंत्राचे डोके हाताने जोराने ढकलावे. काटा किती हलतो यावरून सांगाड्याची परीक्षा होते. मग टेबल एका दिशेने सरकवून उलट फिरवावे. चाक फिरूनही टेबल जेवढे थांबून राहते, तो स्क्रूचा प्ले. साध्या स्क्रूत तो असतोच. बॉलस्क्रूत फार कमी. विक्रेता तयार असेल तर ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एक वर्तुळ कापून मागावे. वर्तुळाच्या चार टोकांशी बारीक पायऱ्या दिसल्या तर प्ले आहे, मग तो काहीही सांगो.

कोलेटची जात ईआर असल्यास उत्तम. ती मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा भोसरीकडे सहज मिळते. व्हाइस, कटर, मायक्रोमीटर यांसाठी एकूण रकमेचा तिसरा हिस्सा राखावा. सगळी रक्कम यंत्रात घालून नंतर कटरासाठी हात आखडणे यासारखे दुःख नाही.

आपल्या मावळाविषयी दोन शब्द. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि इकडील हवाही आषाढ-श्रावणात ओली असते. उघडे बीड एका रात्रीत तांबूस होते. यंत्रावर प्लास्टिक घालू नये, आत दव धरते. तेलात भिजविलेले जुने सुती कापड बरे. दुसरे विजेचे. वीज गेली की मोटारी थांबतात आणि यंत्र आपली जागा विसरते, हे एक वेळ परवडते. परंतु कित्येक जण संगणक आणि टेबलाच्या मोटारी तेवढ्या बॅटरीवर ठेवतात. मग स्पिंडल थांबतो, टेबल पुढे जातच राहते आणि कटर मोडतो. बंद व्हावयाचे तर सर्व एकदम बंद व्हावे. अर्थिंग तपासून घ्यावे. डोळ्यांवर चष्मा हवाच; हातमोजे मात्र घालू नयेत, फिरता कटर मोज्यासह बोटे ओढून घेतो.

राहिला उत्पन्नाचा प्रश्न. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतील अवजड यंत्रांशी घरचे यंत्र स्पर्धा करू शकत नाही. यंत्राच्या कमाईतून हप्ता फेडण्याचा हिशेब कोणी मांडत असेल, तर पालकांनी तो नाकारावा. हौसेसाठी बाजूला काढलेल्या पैशातून मागत असेल, तर आनंदाने द्यावे.

आणावयाचे ठरल्यास पाऊस सरल्यावर आणावे, म्हणजे खंडेनवमीच्या पूजेला ते जागेवर बसलेले असेल. मी आज डायल इंडिकेटर बरोबर आणला आहे. ज्यांना तो हाताळून पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी भोजनानंतर मंडपाच्या मागील बाजूस बसेन.