पाणकणीस, मका आणि आपली कोरडवाहू जमीन
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत एका तरुण शेतकऱ्याने उभे राहून विचारले होते, "साहेब, आमच्या नाल्यात पाणकणीस माजलंय. त्याला ना पेरणी, ना खत, ना फवारणी. तरी पुरुषभर उंच वाढतं. मक्याला मात्र बियाण्याच्या पिशवीपासून सगळं विकत. मग फुकट वाढणारं सोडून आपण विकतचं पीक का घेतो?" काही जण हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आज त्याचे उत्तर देतो.

पाणकणीस तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. तलवारीसारखी लांब पाने, मधोमध दांडा आणि त्यावर बाजरीसारखे तपकिरी कणीस. काही ठिकाणी त्याला रामबाण म्हणतात.

पहिला हिशोब पाण्याचा करू. पाणकणसाला जमीन वर्षभर ओली लागते. त्याच्या पानांत आणि दांड्यात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून हवा खाली चिखलातल्या मुळखोडापर्यंत जाते, म्हणून ते साचलेल्या पाण्यात सुखाने उभे राहते. मक्याला ही सोय नाही. मक्याचे कोवळे रोप दोन-तीन दिवस पाण्यात राहिले की पिवळे पडते. पण पाणी कमी पडले तरी मक्याला सोसत नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत त्याला ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागते, आणि तेही वेळेवर. तुरा निघताना आणि कणसाला केस फुटताना पंधरा दिवसांचा खंड पडला, तर ताट हिरवे दिसते आणि कणीस सोलले की आत बोडके निघते. ज्वारी त्या वेळी पाने गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. मका थांबत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. मका आणि ज्वारी ही दोन्ही कमी पाण्यात जास्त अन्न तयार करणाऱ्या गटातली पिके आहेत. शास्त्रात त्या गटाला सी-४ म्हणतात. पाणकणीस त्या गटात नाही. त्याची जी वाढ आपल्याला दिसते, ती सगळी पाण्याच्या जोरावर. पाणी काढून घ्या, की त्याची ऐट संपली. म्हणजे आपल्या कोरड्या रानात ते लावायचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा हिशोब खताचा. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी ४८ किलो. युरियाच्या भाषेत ४५ किलोची सव्वादोन पोती, आणि स्फुरद-पालाश वेगळे. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आधी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात आली. तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात औषध टाकण्याचाही खर्च वाढला.

आणि पाणकणीस फुकट वाढते म्हणता, ते काय खाते? गावाच्या गटाराचे पाणी खाते आणि आपल्या शेतातून पावसाने वाहून गेलेला युरिया खाते. त्या पोत्याचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. नाल्यात पाणकणीस माजले असेल, तर वर कोणाच्या तरी बांधावरून खत वाहते आहे का, ते जाऊन पाहा.

तिसरा हिशोब उपयोगाचा. पाणकणसाच्या पानांच्या चटया होतात, टोपल्या होतात, छपरे शाकारता येतात. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी त्याच्या मुळखोडातले पीठ खात. इराकच्या दलदलीत राहणारे लोक त्याच्या परागांची पिवळी मिठाई करतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याचा कापूस जीवरक्षक जॅकेटात भरला. सांडपाणी गाळून घ्यायलाही ते चांगले. पण यासाठी मोंढ्यात बोली लागत नाही. ओले कापायचे, वाहायचे, वाळवायचे, आणि मजुरी निघेल याची खात्री नाही.

सेनेगल नदीवर १९८६ साली दियामा धरण झाले. समुद्राचे खारे पाणी अडले आणि गोड्या पाण्यात पाणकणसाने नदीकाठ व कालवे व्यापून टाकले. मासेमारी अडली. धान्यावर तुटून पडणाऱ्या क्वेलिया पक्ष्यांच्या थव्यांना त्यात मुक्कामाची जागा मिळाली. तिथे त्याचा कोळसा करण्याचे प्रयोग झाले, तरी पाणकणीस संपले नाही. आपल्याकडे चंबळच्या कालव्यांतही त्याने पाणी अडवले आहे.

म्हणून ज्यांच्या तळ्यात किंवा चारीत ते माजले आहे, त्यांनी एवढे करा. जाळू नका. पाण्याच्या वरही कापू नका, ते पुन्हा फुटते. कणीस येण्याच्या सुमारास पाण्याच्या पातळीखाली कापा, म्हणजे मुळखोडाची हवा बंद होऊन ते कुजते. पुन्हा फूट आली तर पुन्हा तसेच कापा. कापलेले खड्ड्यात टाका, कंपोस्ट होते. मात्र कणीस फुटण्याआधी टाका, कारण एका कणसात लाखावर बिया असतात. गावाच्या गटाराच्या तोंडाशी एक पट्टा राखला तर पाणी स्वच्छ व्हायला मदत होते. त्या पट्ट्यातला पाला जनावरांना घालू नका.

आता मक्याच्या बाजाराकडे येऊ. मका कोंबडीखाद्याला जातो, स्टार्चला जातो आणि आता इथेनॉललाही जातो. २०२३-२४ च्या हंगामात तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दिले. एका क्विंटलपासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. म्हणजे २७३० रुपयांचा माल, आणि पशुखाद्याचा चोथा वेगळा. त्याच वर्षी मक्याचा हमीभाव होता २०९० रुपये. कारखान्यालाही इंधन, मजुरी, व्याज आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्याला आपल्या मालाचा दर आधी कळतो आणि घेणारा ठरलेला असतो. आपल्याला दर कळतो तो पोती गाडीतून उतरल्यावर. २०२५-२६ साठी हमीभाव २४०० रुपये जाहीर झाला, आणि त्या खरिपाचा मका अनेक बाजार समित्यांत त्याखाली विकला गेला. इथेनॉलचा दर पाळला जातो, हमीभाव का पाळला जात नाही, हा आपला सवाल आहे.

कृषी महाविद्यालयात मी एकरी उत्पादन मोजायला शिकलो. त्या उत्पादनासाठी कोणी काय गमावले, ते मोजायला तुमच्या बांधावर शिकलो. म्हणून माझा सल्ला असा. विहिरीला दोन संरक्षित पाणी देण्याची ताकद असेल आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन असेल, तरच मका घ्या, आणि तोही रानाच्या एका तुकड्यात. ज्याचे सगळे पावसावर आहे, त्याने इथेनॉलच्या बातम्या वाचून ज्वारी मोडू नये. पाऊस दगा देतो त्या वर्षी कडबाच जनावरे वाचवतो.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांनी मका केला आहे त्यांनी बियाणे, खत, औषध, मजुरी आणि विक्रीची पट्टी, सगळे लिहून आणा. त्या कागदांवरून आपण जिल्ह्याचा उत्पादन खर्च काढू आणि तो हिशोब घेऊनच जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.