घर एका गावी, विमान दुसऱ्या गावी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही चार शब्द बोलावेत असा चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा आम्ही आमच्या खात्यातल्याच एखाद्या विषयावर बोलू असा त्यांचा समज झाला असावा. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली चाळलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करणार! परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते अमेरिकेतील वैमानिकांविषयी. आम्ही वैमानिक नव्हे, अभियंतेही नव्हे. कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. तेव्हा विमान आकाशात कसे तरंगते हे आमच्याकडून कळेल अशी आशा कोणी धरू नये. ते चालविणारा मनुष्य आदल्या रात्री कोठे झोपला होता, एवढ्याच प्रश्नाशी आमचा संबंध आहे.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष गेले ते आमच्याच एका बदलीमुळे. मुलीचे दहावीचे वर्ष होते, म्हणून बिऱ्हाड नागपूरला ठेवून आम्ही एकटेच कोलकात्याला रुजू झालो. पुढची दोन-अडीच वर्षे हावड्याहून सुटणारी मुंबईची गाडी, प्रतीक्षायादीतला आपला क्रमांक आणि सोमवारी सकाळी डोळे चोळीत कचेरीत हजर होणे हे आमचे नित्यकर्म होऊन बसले. या सभागृहात असे दिवस काढलेली मंडळी थोडीथोडकी नसावीत. त्याच सुमारास, म्हणजे २०१४ साली, आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, जन्माने अमेरिकन, तिकडच्या एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागला. फोनवर तो म्हणाला, "मामा, मी राहतो डेट्रॉइटला आणि माझी नोकरी न्यूयॉर्कला." दोन्ही गावांत साडेसातशे किलोमीटरांहून अधिक अंतर. आम्ही विचारले, "अरे, मग जातोस कसा?" तो म्हणाला, "जागा मिळाली तर विमानाने." हे उत्तर आमच्या फारच ओळखीचे निघाले, आणि तेव्हापासून या विषयात आम्ही जे मिळेल ते वाचीत आलो.

वैमानिकाचे काम आपल्यासारखे दहा ते पाच नसते. तीन-चार दिवसांची फेरी असते, मग काही दिवस सुट्टी. फेरी जेथून सुरू होते ते त्याचे ठाणे. तिकडे त्याला 'बेस' म्हणतात. ठाण्याच्याच गावी राहिले पाहिजे असा नियम नाही. कोणाची पत्नी दुसऱ्या गावी नोकरीला असते, कोणाचे आईवडील थकलेले असतात, आणि पुष्कळदा त्या महाग शहरात घर घेण्याची ऐपतच नसते. शिवाय ठाणे कायमचे नसते. कंपनी एके दिवशी ते बंद करते आणि दुसरे उघडते, आणि कोणालाही नकोसे असलेले ठाणे सर्वांत कनिष्ठाच्या वाट्याला येते. म्हणून हजारो वैमानिक विमानानेच कामावर जातात. प्रवाशांची एखादी जागा रिकामी असेल तर तेथे, नाहीतर कॉकपिटात वैमानिकांच्या मागे एक जादा आसन असते, त्या 'जंपसीट'वर. त्या आसनावर कोणाला बसू द्यावयाचे, हा शब्द कप्तानाचा. तो दुसऱ्या कंपनीचा असला तरी व्यवसायबंधुत्व म्हणून सहसा नाही म्हणत नाही. पण अशा सौजन्याला हक्काचे नाव देता येत नाही, आणि आमच्या आजच्या विषयाची मेख नेमकी येथेच आहे.

कारण हे बंधू दोन घरांतले आहेत. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले. मोठ्या कंपन्यांनी आपला पसारा काही मोठ्या विमानतळांभोवती गोळा केला. लहान गावांतून प्रवासी गोळा करून तेथवर आणण्याचे काम त्यांनी प्रादेशिक कंपन्यांना करारावर देऊन टाकले. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचे, पुढे फक्त 'एक्सप्रेस', 'कनेक्शन' किंवा 'ईगल' असे शेपूट. आत बसलेले वैमानिक मात्र दुसऱ्याच मालकाचे, दुसऱ्याच पगाराचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याच ज्येष्ठतायादीतले.

ज्येष्ठतायादी म्हणजे काय ते सरकारी नोकरांना सांगावयास नको! पण आपल्याकडे त्या यादीवरून बढतीचे ठरते, तिकडे सारे आयुष्यच ठरते. कोणते विमान, कोणते ठाणे, कोणती सुट्टी, नाताळ घरी की हॉटेलात, मंदी आली तर घरी कोण बसणार, सगळे त्या क्रमांकावर. आणि कंपनी बदलली की क्रमांक शेवटचा. प्रादेशिक कंपनीत दहा वर्षे कप्तान असलेला मनुष्य मोठ्या कंपनीत गेला तर तो तेथला सर्वांत धाकटा सहवैमानिक होतो.

आता भांडण कोठे आहे ते पाहू. १९९०च्या दशकात पन्नास आसनांची लहान जेट विमाने आली. आतापर्यंत प्रादेशिक कंपन्या पंख्याची विमाने उडवीत होत्या, तोपर्यंत मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना त्यांची फारशी फिकीर नव्हती. जेट आल्यावर त्यांना धास्ती वाटू लागली. आज पन्नास आसने, उद्या सत्तर, परवा शंभर. आपलेच मार्ग आपल्याच कंपनीच्या रंगात निम्म्या पगाराच्या माणसांकडून चालवून घेतले जातील. म्हणून त्यांच्या संघटनांनी करारात एक कलम घालून घेतले. त्याला 'स्कोप क्लॉज' म्हणतात. प्रादेशिक कंपन्यांनी किती विमाने, किती आसनांची चालवावीत याची मर्यादा त्यात घातलेली असते. सध्याची मर्यादा बहुधा शहात्तर आसनांची. १९९७ च्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप पुकारला, त्याच्या मुळाशी ही लहान जेट कोणी उडवावयाची हाच प्रश्न होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो संप अवघ्या काही मिनिटांत थांबविला. नंतर जी तडजोड झाली ती अशी की, ईगलच्या जेट कप्तानांना क्रमाने मोठ्या कंपनीत शिरण्याची वाट मिळावी, आणि मोठ्या कंपनीत कपात झाली तर तेथल्या वैमानिकांना खाली येऊन ईगलच्या कप्तानांच्या जागी बसता यावे.

कागदावर ही तडजोड उत्तम दिसते. असे समतोल मसुदे आम्हीही केलेले आहेत. परंतु २००१ च्या सप्टेंबरनंतर विमानधंदा कोसळला आणि वर जाण्याची वाट बंद झाली. खाली येण्याची मात्र वाहू लागली. वर्षानुवर्षे थांबून कप्तान झालेल्या माणसाला आपले आसन वरून आलेल्यासाठी रिकामे करावे लागले. यूएस एअरवेजमध्ये तर 'जॉब्ज'च्या बदल्यात 'जेट्स' असा सौदाच झाला. नवी लहान जेट हवी असतील तर त्यांवरील निम्म्या जागा कपात झालेल्या मोठ्या वैमानिकांना द्यावयाच्या. आधी आपले घरच गमावलेल्या मनुष्याने शेजाऱ्याच्या ओसरीवर हक्क सांगावा, असे काहीसे ते झाले. त्याचीही बाजू खोटी नव्हती आणि शेजाऱ्याचीही नव्हती.

त्याच वर्षी, पण आधी, मार्चमध्ये, डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअर या प्रादेशिक कंपनीचे वैमानिक संपावर गेले होते. संप ८९ दिवस चालला. पगार वाढला, पण मनांतली तेढही वाढली. कॉमएअरच्या काही वैमानिकांनी तर आपल्याच संघटनेवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, ही संघटना वर्गणी आमच्याकडूनही घेते आणि आमच्या विमानांवर मर्यादा घालणारी कलमे मोठ्या भावासाठी लिहून घेते. पुढे २०१२ साली कॉमएअर बंदच झाली.

आमचे मन प्रारंभी सर्वस्वी या धाकट्यांच्या बाजूचे होते, हे आम्ही कबूल करतो. भाचा तिकडचा पडला ना! पण अधिक वाचल्यावर ध्यानात आले की ते कलम नसते तर धाकट्यांना वर जाण्यासाठी 'वर' असे काही उरलेच नसते. कंपन्यांना दोन याद्या हव्या होत्या. दोन याद्या असल्या की एकीला दुसरीचे भय दाखविता येते. वैमानिक मात्र बहुधा एकमेकांवरच रागावले, कारण मालक कॉकपिटात भेटत नाही, शेजारचा वैमानिक भेटतो.

हा राग जंपसीटपर्यंत पोहोचला. २००५ साली एका प्रादेशिक कंपनीच्या मालकांनी, मोठ्या कंपनीच्या कलमातून वाट काढण्यासाठी, गोजेट नावाची दुसरी कंपनी उभारली. तिच्यात लागलेल्या वैमानिकांना अन्य कंपन्यांच्या काही कप्तानांनी जंपसीट नाकारण्यास सुरुवात केली. धोरण ठरविले मालकांनी, आणि घरी जाण्याची खोटी झाली पंचविशीतल्या पोराची! आम्हांला हा सूड फार क्षुद्र वाटतो. ज्याचे घर दूर आहे त्याला वाटेत अडविणे यात पुरुषार्थ कसला?

आणि आता त्या रात्रीविषयी सांगितले पाहिजे, कारण हे सारे केवळ नोकरीचे भांडण राहिले नाही. १२ फेब्रुवारी २००९. न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअरचे विमान, रंग आणि नाव कॉन्टिनेंटलचे, उतरण्यापूर्वी एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे पन्नास जण गेले. कप्तानाचे घर फ्लोरिडात होते. सहवैमानिक बाई चोवीस वर्षांच्या. सिअ‍ॅटलजवळ आईवडिलांकडे राहत. आदल्या रात्री त्या मालवाहू विमानातून मेम्फिसमार्गे देश ओलांडून सकाळी न्यूअर्कला पोहोचल्या होत्या. न्यूअर्कला दोघांपैकी कोणाचीही खोली नव्हती. चालकांच्या विश्रांतिकक्षात रात्र काढू नये असा कंपनीचा नियम होता, पण रात्र कोठे काढावी हे नियम सांगत नव्हता. बाईंचा पगार वर्षाला सुमारे सोळा हजार डॉलर असल्याचे चौकशीत निघाले. त्या पगारात न्यूअर्कला खोली कोठली! तपासात असेही दिसले की, न्यूअर्क ठाण्यावरील त्या कंपनीच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असेच बाहेरगावाहून येणारे होते.

थकव्यानेच विमान पडले असे चौकशी मंडळाने म्हटले नाही. विमानाचा वेग घटला, इशारा देणारी दांडी थरथरू लागली, तेव्हा कप्तानाने ती पुढे लोटावयाची सोडून मागे ओढली, हे मुख्य कारण. थकव्याने दोघांची कार्यक्षमता बहुधा उणावली होती, पण अपघातात त्याचा वाटा किती हे निश्चित सांगता येत नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. मंडळाच्या अध्यक्षाबाईंना हा अभिप्राय अपुरा वाटला. थकव्याला कारणांत स्थान हवे होते असे त्यांचे मत पडले. आमचे मत विचाराल तर त्या बाईंच्या बाजूला आम्ही आहोत. रात्रभर गाडीत बसून आल्यावर सोमवारी दुपारी फाईलवर आम्ही जे शेरे लिहिले, ते पुढे वाचून आम्हांलाच शरम वाटलेली आहे. फाईल दुसऱ्या दिवशी परत मागविता येते.

मृतांच्या आप्तांनी नेट धरला आणि २०१० साली कायदा झाला. सहवैमानिकालाही दीड हजार तासांच्या उड्डाणाची अट आली. वास्तविक त्या दोघांचेही तास दीड हजारांहून पुष्कळ अधिक होते, पण जे मोजता येते त्यावर नियम करणे सोपे असते. हे आम्ही अनुभवाने सांगतो. तिकीट विकताना प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालविणार हे आधी सांगण्याचे बंधन आले. २०१४ पासून कामापूर्वी दहा तासांची विश्रांती सक्तीची झाली. मात्र घरापासून ठाण्यापर्यंतचा प्रवास ज्याचा त्याच्याकडेच राहिला. त्यावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०११ साली सांगितले की, नियम करावा इतकी माहितीच उपलब्ध नाही.

अशी दोन याद्यांची कटकट आपल्याकडेही झाली. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिक दोनच राहिले. २०११ साली एका बाजूने समान वेतनासाठी संप केला. २०१२ साली दुसऱ्या बाजूने ५८ दिवस संप केला, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण पहिल्या बाजूला मिळू नये. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीला त्या गुंत्यात उतरावे लागले. त्या खात्यात आम्ही नव्हतो, हे आमचे भाग्य.

आमच्या भाच्याने न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात एका घरातला वरचा पलंग भाड्याने घेतला होता. अशा घरांना 'क्रॅश पॅड' म्हणतात. विमानाच्या माणसांनी असे नाव कसे ठेवले कोण जाणे! एका खोलीत सहा जण, त्यांतले बहुतेक नेहमी आकाशात. त्याने तेथे सात वर्षे काढली, मध्ये कप्तान झाला. २०२२ साली वैमानिकांची टंचाई आली, तेव्हा प्रादेशिक कंपन्यांनी पगार एकदम दुपटीने वाढविले. तरीही माणसे पुरेनात, आणि इथाका, टोलेडो अशा गावांची अमेरिकन एअरलाइन्सची सेवा त्याच वर्षी बंद झाली. २०२३ साली भाच्याला मोठ्या कंपनीने घेतले. घरी पेढे वाटले गेले. ताईने फोनवर त्याला विचारले, "आता तरी डेट्रॉइट मिळालं ना?" तो म्हणाला, "नाही गं आई, यादीत मी शेवटचा. न्यूयॉर्कच मिळालंय." ताईने पुन्हा विचारले, "मग झोपतोस कुठे?" तो म्हणाला, "तिथंच. फक्त वरचा पलंग गेला होता, आता खालचा घेतलाय."