पर्यटक कर आणि छोटा धंदेवाला



मैत्रीबागेत आपण सगळेच गेलो आहोत. भिलाई इस्पात संयंत्राने १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून ती उभारली. घरी पाहुणे आले की पांढरे वाघ दाखवायला आपण त्यांना आजही तिथेच नेतो. फाटकाशी तिकीट काढायचे, आत जायचे. पैसे दिले, वाघ पाहिला, हिशोब मिटला.

आता समजा, उद्या भिलाईत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाकडून स्टेशनवरच माणशी पन्नास रुपये घेऊ लागले. मग तो वाघ बघायला आलेला असो की मावशीकडे बारशाला. हे तिकीट नव्हे, हा पर्यटक कर. तो एखादी वस्तू पाहण्याबद्दल नसतो, गावात येण्याबद्दल असतो. तुम्ही हसताय, पण महाराष्ट्रात एका गावात हे वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्या गावाचे नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माथेरान.

माथेरानला मोटार जात नाही. नेरळहून घाट चढून गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, पूर्वी हातरिक्षाने, हल्ली ई-रिक्षाने, नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीने. दस्तुरीलाच नगरपरिषदेचा कर भरावा लागतो. मोठ्या माणसाला ५० रुपये, लहान मुलाला २५. नवरा-बायको आणि दोन मुले म्हणजे १५० रुपये.

दीडशे रुपयांनी कोणी घाट उतरून परत जाते का? नाही जात. म्हणूनच कर लावणारे नेहमी सांगतात, की बघा, पर्यटक काही कमी झाले नाहीत. ते खरेही असते. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून दिवसाभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरो लावले, पहिल्या वर्षी गर्दीच्या २९ दिवसांसाठी. गर्दी काही हटली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दिवस ५४ केले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो.

पण माझा मुद्दा डोकी मोजण्याचा नाही. घरून निघताना आपण मनात एक रक्कम ठरवतो. गाडीभाडे, पार्किंग, जेवण, हे ठरलेले. उरलेल्यातून वरखर्च. कर नाक्यावर भरतो आपण, पण तो कापला जातो संध्याकाळी. मुलगा म्हणतो घोड्यावर बसू, आई म्हणते पुढच्या वेळी. चिक्कीचे दोन पुडे घ्यायचे होते, एकच घेतला जातो. चपलेच्या दुकानात नुसती चप्पल घालून बघतात आणि बाहेर पडतात. म्हणजे पावती पर्यटकाच्या नावाने फाटली, तरी तिच्यातला काही भाग चिक्कीवाल्याच्या गल्ल्यातून गेला. त्याला ते कधी कळतही नाही. धंदा मंदा आहे एवढेच तो म्हणतो.

त्यातही सगळ्यांना सारखी झळ बसत नाही. माणशी ठरावीक रक्कम असली की सकाळी येऊन संध्याकाळी उतरणारे कुटुंब दीडशे देते, आणि मोठ्या हॉटेलात तीन रात्री राहणारे कुटुंबही दीडशेच देते. पहिल्याच्या दिवसाच्या खर्चात ती रक्कम चांगली जाणवते, दुसऱ्याच्या बिलात ती दिसतसुद्धा नाही. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे गिऱ्हाईक कोणाचे? भुट्टेवाल्याचे, चहाच्या टपरीचे, घोडेवाल्याचे. तीन रात्रींचे गिऱ्हाईक मुख्यतः हॉटेलाचे. सपाट कराचे वजन खालच्या माणसाच्या गिऱ्हाइकावर जास्त पडते ते असे.

तरी मी कराच्या विरोधात बोलायला उभा नाही. २०११ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती होती ४,३९३. आपल्या एखाद्या सेक्टरएवढीही नाही. येणारे मात्र लाखांनी मोजायचे. त्यांचा कचरा, त्यांची संडासे, त्यांच्या पायांखालचा रस्ता, हे सगळे चार हजार माणसांच्या घरपट्टीतून कसे भागणार? २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेला आहे, म्हणजे कारखाना काढून उत्पन्न वाढवू म्हणाल तर तेही नाही. आणि संडास घाण असला तर पहिले नुकसान चहावाल्याचेच. लोक तिथे थांबत नाहीत.

म्हणून पन्नासाचे चाळीस करा म्हणून भांडण्यात मला फार अर्थ दिसत नाही. वसुली कशी होते आणि पैसा कुठे जातो, तिकडे बघावे. १८ मार्च २०२५ ला माथेरान बंद राहिले. दुकाने बंद, हॉटेले बंद. तक्रार कराच्या रकमेची नव्हती. दस्तुरीला उतरणाऱ्या पर्यटकांना चुकीची माहिती देऊन फसवले जाते, आणि त्याने गावाचे नाव खराब होते, ही होती. दुसऱ्या दिवशी बोलणी होऊन बंद मागे घेतला गेला. गावाशी पर्यटकाची पहिली भेट नाक्यावर होते. तिथे पैसे घेणारा माणूस असेल, पण पुढे कसे जायचे, भाडे किती, हे नीट सांगणारा नसेल, तर तो राग घेऊनच माणूस बाजारात पोचतो. चिडलेला माणूस खरेदी करत नाही. हे तुम्हा दुकानदारांना मी काय सांगायचे!

आता साताऱ्याजवळचे कास पठार बघा. तिथेही माणशी शुल्क आहे, आणि माथेरानपेक्षा चढे, अलीकडच्या हंगामांत शंभर ते दीडशे रुपये. दिवसाची संख्या ठरलेली, नोंदणी ऑनलाइन. पण व्यवस्था आहे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे, वनखात्याबरोबर. पावती फाडणारा, पार्किंग सांभाळणारा, फुलांत शिरणाऱ्याला शिट्टी मारणारा, ही पोरे त्याच गावांतली. पर्यटकाने चहा कमी प्यायला तरी त्याच घरात हंगामाची मजुरी आलेली असते. तिथेही कुरबुरी असतीलच, पण शुल्क दुप्पट-तिप्पट असूनही ते गावाला परके वाटत नाही, याचे कारण हे आहे.

दुसरी तऱ्हा खोलीच्या भाड्यावर टक्का लावण्याची. स्कॉटलंडने २०२४ मध्ये तसा कायदा केला, आणि एडिनबराने २४ जुलै २०२६ पासून राहण्याच्या खर्चाच्या ५ टक्के, सलग पाच रात्रींपर्यंत, असे ठरवले. ऐकायला न्याय्य वाटते. महाग खोलीला जास्त कर, स्वस्त खोलीला कमी. पण इथे नाक्यावरचा कारकून नाही, वसुली करायची खोलीवाल्याने. मोठ्या हॉटेलात हिशोबनीस असतो. घरातल्या दोन खोल्या भाड्याने देणारी बाई स्वतःच चादरी धुते, स्वतःच नाश्ता करते, आता स्वतःच कर गोळा करून परिषदेला भरणार. शिवाय एक गोम आहे. तिथे व्हॅटची नोंदणी ९०,००० पौंडांच्या उलाढालीला लागते, आणि गोळा केलेला हा करसुद्धा तिच्या उलाढालीत मोजला जातो. जो पैसा तिचा नाहीच, त्याच्यामुळे ती रेषा ओलांडून वरच्या कराच्या कचाट्यात सापडू शकते. छोट्या व्यावसायिकांची तिथली खरी ओरड याबद्दल आहे.

आणि रक्कमच मोठी असली तर काय होते, ते भूतानने दाखवले. सप्टेंबर २०२२ मध्ये परदेशी पाहुण्याला रात्रीला २०० डॉलर लावले, वर्षभरात ते १०० वर आणावे लागले. भारतीयांना आजही माणशी रात्रीला १,२०० रुपये आहेत. चौघांच्या कुटुंबाने पाच रात्रींचा हिशोब केला की मुक्काम आपोआप तीन रात्रींचा होतो.

जाता जाता एक जुनी गोष्ट, कारण ती आपल्या वाटेवरची आहे. दुर्गहून पुरीची गाडी धरणारे इथे पुष्कळ आहेत. ओडिशा १७५१ ते १८०३ नागपूरकर भोसल्यांकडे होते, छत्तीसगडही त्यांच्याकडेच, आणि पुरीचा यात्राकर तेही वसूल करत. अठरानाला पुलाशी यात्रेकरूला अडवायचे, पैसे घ्यायचे, मग सोडायचे. इंग्रजांनी १८०६ मध्ये त्याचे नियम बांधले आणि यात्रेकरूंचे वर्ग पाडले. जास्त भरणाऱ्याला जास्त दिवस राहायची मुभा, कमी भरणाऱ्याला थोडेच दिवस. भाविकाचे दिवस कमी झाले की पंड्याच्या घरचा मुक्कामही कमी. तो कर शेवटी १८४० मध्ये उठला. तेव्हा आपण मराठी लोकांनी या विषयात फार भोळा चेहरा करू नये. नाक्यावर आपणही बसलेले होतो.

हे सगळे भिलाईत का सांगतोय? छत्तीसगड सरकारने होमस्टेसाठी धोरण आणले आहे, भर बस्तर आणि सरगुजावर. कांगेर खोऱ्यातल्या धुडमारास गावचे लोक पाहुण्यांना बांबूच्या तराफ्यावर नदीत फिरवतात. तुमच्यापैकी काहीजण तिकडे खोली बांधायचा, गाडी लावायचा विचार करताय, हे मला ठाऊक आहे. गर्दी वाढली की आज ना उद्या तिथली एखादी पंचायत म्हणेल, माणशी थोडे घेऊ या. त्या सभेला जाऊन बसा. रकमेवर भांडत बसू नका, तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या. पावतीपुस्तक गावातल्याच माणसाच्या हातात राहील. एक दिवस येणारा आणि तीन रात्री राहणारा यांना दर वेगळा राहील. आणि जमा किती, खर्च कशावर, हे दर महिन्याला पंचायतीच्या भिंतीवर लागेल, तराफा चालवणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

आणि खोली काढणाऱ्यांनी एक करा. कर तुम्हाला गोळा करायला सांगितला, तर तो भाड्याच्या बिलात मिसळू नका. वही वेगळी ठेवा, पैसे ठेवायची पेटी वेगळी ठेवा.

मी इथे थांबतो. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.