बदललं तेवढंच पाठवा

(मुरुम येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय छापलाय, दूरच्या संगणकावर फायली पाठवण्याचा जलद आणि सुरक्षित मार्ग. माझं उत्तर एवढंच : बदललं तेवढंच पाठवा, आणि कुलपात पाठवा. इंटरनेट म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. ते मागची पोरंच मला शिकवतील. (हशा)

आधी वेगाचा घोळ. कनेक्शनवाला 100 एमबीपीएस सांगतो, ते बिट असतात. आठानं भागा, सेकंदाला साडेबारा एमबी उरतात. शिवाय पाठवायचं असेल तर आकडा अपलोडचा बघायचा. अपलोड 10 असेल, तर लग्नाच्या शूटिंगची 10 जीबीची फाइल सोलापूरला जायला सव्वादोन तास. तेवढ्यात आपली एसटी नळदुर्ग ओलांडून पुढं गेलेली असते!

हसताय, पण 2009 साली दक्षिण आफ्रिकेत हेच करून दाखवलं. विन्स्टन नावाचं कबूतर, पायाला 4 जीबीचं कार्ड, ऐंशीएक किलोमीटरवर डरबन. कार्ड उतरवून घेण्यासकट दोनेक तास लागले. तेवढ्या वेळात तारेवरून गेली होती फक्त चार टक्के माहिती. (मागून आवाज : आपलं कबूतर नळदुर्गच्या धबधब्यावर थांबलं असतं!) पावसाळ्यात मीसुद्धा थांबतो. पण शास्त्रज्ञही हेच करतात बरं का. कृष्णविवराचं पहिलं चित्र 10 एप्रिल 2019 ला जगानं पाहिलं. त्याची निरीक्षणं 2017 च्या एप्रिलमधली. दुर्बिणींकडची माहिती इतकी अफाट, की ती हार्डडिस्कांवर भरून विमानानं अमेरिकेत आणि जर्मनीत नेली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर हिवाळाभर अडकल्या, कारण तिथं तेव्हा विमानंच जात नाहीत... अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आलो, आलो मुद्द्यावर.

तर पहिली मोठी खेप डिस्कवर पाठवायला हरकत नाही, फक्त ती एन्क्रिप्ट करा, म्हणजे कुलूपबंद करा. डिस्क बसमध्ये राहिली तरी माहिती कुणाच्या हाती लागायला नको.

आता तार. फाइल पाठवायची एफटीपी ही पद्धत 1971 साली पहिल्यांदा लिहून काढली अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे, तेव्हा एमआयटीत. अभिमान बाळगा, पण आज ती वापरू नका : पासवर्ड उघडा जातो. फिनलंडमध्ये विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असेच पासवर्ड चोरले, म्हणून 1995 मध्ये तातू युलनेन यांनी पासवर्डासकट सगळं कुलपात नेणारं एसएसएच बनवलं. फायली पाठवणारं एसएफटीपी त्याच्यावरच चालतं. विंडोजवर विनएससीपी किंवा फाइलझिला घ्या, दोन्ही फुकट. पहिल्यांदा जोडताना ते समोरच्या संगणकाचा ठसा दाखवून विचारतं, हा ओळखीचा आहे का? आपण न वाचता ‘हो’ ठोकतो. तसं नको. पलीकडच्याला फोन लावा, ठसा वाचून घ्या, मग हो म्हणा.

आणि आता ज्यासाठी मी इथवर आलो ते : आरसिंक नावाचा प्रोग्राम. 1996, कॅनबेरा, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास. समजा, आडतीच्या दोन गाद्यांवर एकाच खातेवहीच्या दोन प्रती आहेत. जुळवायच्या तर अख्खी वही कोण धाडेल? फोनवर पानापानाच्या बेरजा सांगायच्या. जे पान जुळत नाही तेवढंच पाठवायचं. आरसिंक फाइलचे तुकडे पाडून हेच करतं, एसएसएचच्या कुलपात. मध्ये वीज गेली तरी पुढच्या खेपेला पोचलेल्या फायली पुन्हा पाठवत नाही. मात्र आधी झिप करू नका. आत एक ओळ बदलली तरी झिपमध्ये त्या फाइलची तिथून पुढची बहुतेक पानं वेगळी दिसतात.

(आवाज : सर, व्हॉट्सअॅप आहे की!) आहे, मी कुठं नाही म्हणतो? त्याच्यावरही कुलूप आहे, एक फाइल पाठवायला उत्तम. पण फोटो फोटो म्हणून पाठवला की तो बारीक करतं. छापखान्याला द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि हजार फायलींतल्या कालपासून कुठल्या सात बदलल्या, हे व्हॉट्सअॅप सांगणार का? मी कुणाचा एजंट नाही हो, आरसिंकला एक रुपया पडत नाही! (टाळ्या)

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. विंडोजवर आरसिंक कसं चढवायचं ते खाली उतरल्यावर दाखवतो, लॅपटॉप आणलाय. फक्त एक सांगतो. आरसिंकमध्ये ‘डिलीट’ नावाचा पर्याय आहे. इकडे जे नाही ते तिकडून पुसून टाकतो. तो खरोखर चालवायच्या आधी त्याच्याच जोडीला ‘वजा एन’ आणि ‘वजा व्ही’ लावून नुसती तालीम करा, काय काय पुसणार त्याची यादी वाचा, आणि जिकडून आणि जिकडे ही दोन नावं उलटी तर पडली नाहीत ना, तेवढं...

हो, हो, बसतो.