वसंतातला कोट



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पुरुषांच्या कोटाविषयी बोलावे, हे काहींना अस्थानी वाटेल. परंतु भिलाईच्या मराठी घरांतील ट्रंका उघडल्या, तर बहुतेकींत तळाशी एक ब्लेझर निघेल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात आणि त्यानंतरही जी माणसे नोकरीनिमित्त इकडे आली, त्यांपैकी कित्येकांनी पहिल्या पगारांतून शिवलेला तो कोट. माणूस निघून जातो आणि कोट मागे राहतो. त्याचे काय करावे, हा प्रश्न मग घरातील बाईपुढे उभा राहतो.

आपल्या या कुरुदला (धमतरीकडचे कुरुद निराळे!) फाल्गुन लागला की दुपारी ऊन चावू लागते. डिसेंबरातला जाड लोकरी कोट तेव्हा अंगावर ठरत नाही. वस्तुतः ब्लेझर हे मुळात मोकळ्या हवेतले वस्त्र. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातील लेडी मार्गारेट बोट क्लबाचे नावाडी विद्यार्थी ज्वाळेसारखे लालभडक जाकीट घालीत, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. त्याला कचेरीचा भारदस्तपणा आपण मागाहून चिकटविला. आपले आजोबा धोतरावर अल्पाकाचा पातळ कोट घालीत. हवामानाचे शहाणपण त्यांना अधिक होते, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा जुना कोट हलका करावा. पाठीचे अस्तर उसवून काढावे; खांद्यांवरचे आणि बाह्यांतले मात्र राहू द्यावे, नाहीतर बाही सदऱ्याला अडकते. उघड्या पडलेल्या शिवणींना तिरपी पट्टी लावून घ्यावी. खांद्यांतील जाड पॅड बदलून पातळ घालावे. पितळी बटणांच्या जागी शिंगाची किंवा नारळाच्या करवंटीची लावली, तर त्याच कोटाचा सणंग निराळा दिसतो. कंबर आत घेता येते, शिवणीत कापड दुमडलेले असेल तर सैलही करता येते. बाही आखूड करणे सोपे. खांदा मात्र मापाचा नसेल, तर कुशल शिंपीही मान हलवतो. अशा वेळी मुलाला तो बळेच घालावयास लावू नये. वडिलांच्या खांद्यात मुलगा बसलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

कोटाच्या आत काय घालावे? येथे आपण भाग्यवान आहोत. चांप्याचा कोसा आपल्या दाराशी आहे. अर्जुन आणि साजा या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे हे रेशीम; साजा म्हणजे आपला ऐन. भंडाऱ्याकडील मंडळींना हे कापड सांगावयास नकोच. कोशाचा मूळचा मधासारखा रंग निळ्या किंवा करड्या ब्लेझरखाली फार शोभतो. टाय नको, गळ्याचे एक बटण उघडे असावे, खाली फिकी सुती विजार. वसंतपंचमीपासून पाडव्यापर्यंतच्या संध्याकाळी लग्नांना, सभांना एवढा वेष पुरतो.

पाडव्यानंतर कोट ब्रशाने झाडावा, सावलीत वारा द्यावा, रुंद खांद्याच्या हँगरला अडकवून सुती पिशवी चढवावी. घामाचा डाग राहिला तर कसर तिथेच आधी लागते. आणि ठेवण्यापूर्वी आतला खिसा अवश्य पाहावा. जुन्या कोटांत पुष्कळदा एखादी चिठ्ठी असते.